कर्नलचं घड्याळ मधेच ६५.५३६ मिलिसेकंद मागे जातंय? आमच्याकडे हा झोल पाच वेळा परत आला

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे ज्याचं दुखणं हेच आहे त्याला पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. कंट्रोलरवर स्वतः लिहिलेला किंवा कुणाचा तरी उचललेला छोटा कर्नल (कामं पाळीपाळीने चालवणारा आणि त्यांना वेळ सांगणारा मूळ प्रोग्राम) आहे, वेळ मोजायला हार्डवेअरचा टायमर १६ बिटचा आहे, तो पुरत नाही म्हणून ओव्हरफ्लोच्या (टायमर भरून परत शून्यावर येण्याच्या) इंटरप्टमध्ये, म्हणजे चालू काम थांबवून मधेच धावणाऱ्या कोडमध्ये, एक आकडा वाढवून तुम्ही वेळ लांबवली आहे, सगळं महिना-महिना नीट चालतं आणि मधेच एखादा टाइमआऊट (उत्तराची वाट बघायची मर्यादा) काही कारण नसताना उडतो, यंत्र बंद करून चालू केलं की बरं होतं, आणि टेबलावर आणून ठेवलं की अगदी शहाण्या मुलासारखं वागतं. हे जुळत असेल तर वाचा.

आमचं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत छोटं युनिट आहे. द्राक्षाच्या प्री-कूलिंग आणि कोल्ड स्टोरेजसाठी तापमानाचे कंट्रोलर बनवतो, दिंडोरी, ओझर, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात बरेच लागलेत. सीझनमध्ये रात्री अडीचला फोन, "दादा, तुमचा डबा परत बोंबलायला लागलाय, खोलीत तर सगळं बरोबर आहे." डब्यावर लिहिलेलं, सेन्सर ३ प्रतिसाद देत नाही. मी म्हणायचो बंद करून चालू करा. करायचे, थांबायचं. मग चार दिवसांनी दुसऱ्या खोलीचा डबा.

मग काय, सगळे करतात ते सगळं केलं. सेन्सर बदलले, सेन्सरशी बोलायची आरएस-४८५ ची केबल बदलली, टोकाचे १२० ओहमचे रेझिस्टर तपासले, अर्थिंगवरून इलेक्ट्रिशियनशी भांडलो, कंप्रेसर चालू होताना नॉइज येत असेल म्हणून फेराइट (नॉइज दाबणारी कडी) घातले. प्रत्येक वेळी वाटायचं की आता गेलं, कारण प्रत्येक वेळी पॉवर बंद करून चालू व्हायची आणि तेवढ्यानेच काही दिवस शांतता असायची. हा भाग लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तो आकडा नीट बघा

लॉगमध्ये ओळ असायची की सेन्सर ३, प्रतिसादाला लागलेला वेळ ४२९४९१४१७२ मायक्रोसेकंद. आमचा साइटवरचा पोरगा म्हणाला की सर, सेन्सर ७१ मिनिटं अडकला होता. गणित त्याचं बरोबर होतं, पण टाइमआऊट ५० मिलिसेकंदांचा असताना कोण ७१ मिनिटं वाट बघत बसेल? कित्येक आठवडे आम्ही तो आकडा "काहीतरी कचरा आलाय" म्हणून सोडून देत होतो, आणि चूक तिथेच झाली. असा कचरा दिसला की आधी त्याला ४२९४९६७२९६ मधून, म्हणजे २ च्या ३२ व्या घातातून वजा करून बघायचं. इथे उरतात ५३१२४. म्हणजे खरं उत्तर उणे ५३१२४ होतं, ते बिनचिन्हाच्या, म्हणजे उणे आकडा न मावणाऱ्या ३२ बिटच्या खोक्यात कोंबल्यामुळे एवढं फुगलं. वेळ उणे आली म्हणजे "आत्ता" हे "मघाशी"च्या आधी गेलं.

किती आधी गेलं ते पण निघतं. तो सेन्सर स्कोपवर (सिग्नल बघायच्या यंत्रावर) नेहमी साडेबारा मिलिसेकंदांच्या आसपास उत्तर देतो. ५३१२४ मध्ये साधारण १२४०० मिळवा, येतात ६५ हजार पाचशेच्या घरात. जुन्या लॉगमधले सगळे कचरा-आकडे काढून हेच केलं, सगळे तिथेच. आमचा टायमर १ मेगाहर्ट्झवर चालतो आणि ६५५३६ मोजून परत शून्यावर येतो. म्हणजे घड्याळ बरोबर एक फेरा मागे जात होतं, ना कमी ना जास्त. त्या क्षणी सेन्सर, केबल, अर्थिंग सगळे निर्दोष सुटले आणि आरोपी आपलाच कोड निघाला. केबलवाल्याला फोन करून सॉरी म्हणायचं राहूनच गेलं.

तर वेळ काढायचा कोड असा होता की ओव्हरफ्लोचा आकडा वाच, त्याला ६५५३६ ने गुण, मग टायमरचा काउंटर वाचून मिळव. दोन ओळी. यात काय चुकणार असं वाटतं ना?

आमच्या गेटवर रोज एक पान फाडायचं तारखेचं कॅलेंडर आहे आणि शेजारी भिंतीवरचं घड्याळ. रात्रपाळीचे वॉचमन काका गाडी आली की आधी कॅलेंडर बघून रजिस्टरात तारीख लिहितात, मग मान वळवून घड्याळ बघून वेळ लिहितात. समजा १४ तारीख आहे, काकांनी १४ लिहिलं, मान वळवेपर्यंत बारा वाजले, तर रजिस्टरात नोंद होणार की १४ तारीख, रात्रीचे १२ वाजून ० मिनिटं. म्हणजे गाडी चक्क एक दिवस आधी येऊन गेली. उलट क्रमाने वाचलं, आधी घड्याळ मग कॅलेंडर, तर ११ वाजून ५९ मिनिटं आणि तारीख १५, गाडी एक दिवस उशिरा. कॅलेंडर बरोबर, घड्याळ बरोबर, काका पण बरोबर, नोंद मात्र चूक. रेस कंडिशन ती हीच. आमच्याकडे कॅलेंडर म्हणजे ओव्हरफ्लोचा आकडा, घड्याळ म्हणजे टायमरचा काउंटर, आणि पान फाडणारा म्हणजे ओव्हरफ्लोचा इंटरप्ट.

मग रोज का होत नाही

चिप ७२ मेगाहर्ट्झची कॉर्टेक्स-एम३, दोन वाचनांमध्ये चारेक क्लॉक जातात, म्हणजे साधारण ०.०५५ मायक्रोसेकंद. फेरा ६५५३६ मायक्रोसेकंदांचा. तर एका वाचनात गोची होण्याची शक्यता ११,७९,६४८ मध्ये एक. सेकंदाला एकदा वेळ विचारली तर साडेतेरा दिवसांतून एकदा. चाळीस यंत्रं फील्डवर असली तर दिवसाला तीनेक वेळा कुठे ना कुठे.

पण हे गणित तेव्हाच खरं जेव्हा वाचन कुठल्याही क्षणी होतं, आणि आमच्याकडे तसं नव्हतं, आणि मला वाटतं बहुतेकांकडे नसतं. सेन्सरची वाट बघणारा थ्रेड (कर्नलवर चालणारं एक काम) दर १ मिलिसेकंदाच्या टिकला (कर्नलच्या ठोक्याला) जागा होऊन वेळ बघायचा. टिक आणि टायमर दोन्ही एकाच क्रिस्टलवरून, म्हणजे एकाच मूळ ठोक्यावरून. १००० आणि ६५५३६ यांचा मसावि ८, त्यामुळे टिक फेऱ्याच्या तुलनेत ८-८ मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांवरच पडतो आणि दर ८.१९२ सेकंदांनी तोच नमुना परत. पायऱ्या नक्की कुठे पडणार ते बूट होताना ठरतं, म्हणजे मेमरी कार्ड सुरू व्हायला किती वेळ लागला वगैरे. एखाद्या बूटला पायरी नेमकी त्या ०.०५५ च्या फटीवर बसते आणि रात्रभर छळते, दुसऱ्या बूटला फट दोन पायऱ्यांच्या मधे राहते आणि महिनाभर काही होत नाही. बंद करून चालू केलं की बरं का व्हायचं ते हे. आणि शोधायला म्हणून एक प्रिंट टाकला की प्रॉब्लेम गायब का व्हायचा ते पण हेच, प्रिंटमुळे वाचन थोडं सरकायचं.

पहिला जुगाड, न बोललेलाच बरा

पहिल्यांदा मी काय केलं तर फरक एक तासापेक्षा जास्त आला तर सोडून दे असं लिहिलं. अलार्म थांबले, सीझन चालू होता, शेठ खूश. पण वेळ तशीच मागे जात होती, फक्त बोंब मारणारा गप्प केला होता. त्यात टायमर-रांग (ठरल्या वेळी करायच्या कामांची यादी) त्याच वेळेवर चालते, तर कुठलं तरी काम ६५ मिलिसेकंद उशिरा व्हायचं आणि कुणाला कळायचं नाही. असं करू नका. केलंच तर निदान किती वेळा सोडून दिलं ते मोजणारा एक आकडा ठेवा.

दुसरं, इंटरप्ट बंद केले आणि वाट लागली

दुसऱ्यांदा म्हणलं, दोन वाचनांच्या मधे ओव्हरफ्लोचा इंटरप्ट घुसतोय ना, मग इंटरप्टच बंद करू. आणि नीटनेटकेपणा म्हणून नुसत्या त्या दोन ओळींभोवती नाही तर टाइमआऊट तपासणाऱ्या अख्ख्या फंक्शनभोवती बंद केले, ज्यात वेळ अगदी शेवटी वाचली जायची. नवीन फर्मवेअर (डब्यातला प्रोग्राम) सगळीकडे टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या साइटवरून फोन. पूर्वी एखादा डबा कधीतरी बोंबलायचा, आता प्रत्येक डबा दर सतरा मिनिटांनी हमखास एकदा, कधी दोनदा.

झालं काय ते बघा. इंटरप्ट बंद केला म्हणजे पान फाडणाऱ्या माणसाला खुर्चीत बसवून ठेवला. त्याने मध्यरात्र थोडीच थांबते! घड्याळ हार्डवेअर आहे, ते त्याच्या पद्धतीने बारा वाजवणारच, फक्त पान फाडायला आता कुणी उठणार नाही. म्हणजे इंटरप्ट बंद असलेल्या पूर्ण काळात कधीही फेरा पूर्ण झाला तर कॅलेंडर शिळं आणि घड्याळ नवं. पूर्वीची फट ०.०५५ मायक्रोसेकंदांची, आता त्या फंक्शनची लांबी ९ मायक्रोसेकंद. आणि पायरी ८ ची! ९ ची फट ८ च्या पायऱ्यांमधून निसटूच शकत नाही, त्यामुळे कुठलाही बूट वाचला नाही. सेन्सरला दर सेकंदाला एकदा विचारतो, ते १००० टिकचं चक्र आणि ८१९२ टिकचं चक्र १०२४ सेकंदांनी जुळतं, म्हणजे १७ मिनिटं ४ सेकंद. अगदी ठोक्याला.

शिव्या खाल्ल्या, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी मनातून खूश होतो, कारण पहिल्यांदाच प्रॉब्लेम टेबलावर घड्याळ लावून दिसत होता. सतरा मिनिटं थांबा, चहा घेऊन या, परत बघा.

तिसरं, फ्लॅग बघितला पण चुकीच्या वेळी

मग सुचलं की फेरा झालाय पण इंटरप्ट अजून चालला नाही हे हार्डवेअर सांगतं की, ओव्हरफ्लोचा फ्लॅग, म्हणजे फेरा झाला की वर होणारा एक बिट, असतो. तर इंटरप्ट बंद, आकडा वाच, काउंटर वाच, फ्लॅग बघ, फ्लॅग वर असेल तर आकड्यात एक मिळव. काकांच्या भाषेत, बाराचे ठोके ऐकू आले असतील तर पान फाडलेलं नसलं तरी पुढची तारीख लिही.

हे जवळजवळ बरोबर आहे, आणि जवळजवळ बरोबर असलेला कोड सगळ्यात जास्त रात्री खातो. काउंटर वाचला ६५५३५, त्यानंतर फेरा झाला, मग फ्लॅग बघितला तर वर. म्हणजे जुनं घड्याळ आणि नवी तारीख, एक फेरा पुढे. आता लॉगमध्ये कचरा दिसत नव्हता, १२४१२ च्या जागी ७७९४८ असे सभ्य दिसणारे आकडे यायचे. ५० मिलिसेकंदांची मर्यादा ओलांडली म्हणून टाइमआऊट, आणि ७८ मिलिसेकंद ही काय अशक्य गोष्ट नाही, त्यामुळे परत एकदा सगळ्यांचा संशय सेन्सरवर. ७७९४८ मधून ६५५३६ वजा करून बघायची सवय लागली होती म्हणून लवकर सापडलं. यावर उपाय सोपा, फ्लॅग वर असेल आणि काउंटर अर्ध्याच्या खाली, म्हणजे ३२७६८ पेक्षा कमी असेल तरच एक मिळवायचा. ६५५३५ वाचला असेल तर तो फेऱ्याच्या आधीचा आहे हे उघड आहे.

एक गोष्ट मधेच. काउंटर रजिस्टर व्होलाटाइल (कंपायलरने दर वेळी खरंच वाचायचं अशी खूण असलेलं) होतं पण आमचा ओव्हरफ्लोचा आकडा साधा व्हेरिएबल होता. ऑप्टिमायझेशन वाढवलं की कंपायलरला ते वाचन वर-खाली सरकवायची मोकळीक आहे, तुम्ही लिहिलेला क्रम त्याला बंधनकारक नाही. डिसअसेंब्ली (कंपायलरने खरंच काय बनवलं ते) उघडून बघा, सी कोडकडे बघत बसून काही होत नाही. एकापेक्षा जास्त कोर असतील तर नुसतं व्होलाटाइलही पुरत नाही, मेमरी बॅरियर (वाचन-लेखनाचा क्रम पाळायला लावणाऱ्या सूचना) लागतात.

चौथं, वरच्या प्रायॉरिटीवाला

फॅनचा वेग कमी-जास्त करायला आम्ही मेनचा झीरो-क्रॉसिंग (विजेचा दाब शून्यातून जातो तो क्षण) पकडतो, ५० हर्ट्झ म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एक, आणि त्याचा इंटरप्ट सगळ्यात वरच्या प्रायॉरिटीला, तो पण कर्नलकडून वेळ घेतो. दोन महिन्यांनी एका साइटवर "मेन फ्रीक्वेन्सी चूक" असा अलार्म, लॉगमध्ये दोन क्रॉसिंगमधलं अंतर ७५.५ मिलिसेकंद. दहा अधिक पासष्ट पूर्णांक पाच. आता तर हसूच आलं.

ओव्हरफ्लोचा इंटरप्ट चालतो तेव्हा तो आधी फ्लॅग खाली करतो, मग आकडा वाढवतो. या दोघांच्या मधे झीरो-क्रॉसिंगवाला वरून येऊन बसला तर त्याला काय दिसतं? फ्लॅग खाली, आकडा जुना, काउंटर नवा. मागे गेला. आणि पुढच्या क्रॉसिंगला वेळ परत बरोबर आली की अंतर एका फेऱ्याने जास्त दिसतं. मग क्रम उलटा करू, आधी आकडा वाढव मग फ्लॅग खाली कर? तर मधे येणाऱ्याला आकडा नवा आणि फ्लॅग पण वर, तो अजून एक मिळवतो, पुढे गेला. दोन्हीकडून मार.

इथे मला लिनक्स आठवलं. लिनक्सचा टाइमकीपिंगचा कोड सीक्वेन्स काउंटर वापरतो, लिहिणारा सुरू करताना एक नंबर विषम करतो, झालं की सम करतो, वाचणारा वाचण्याआधी आणि नंतर नंबर बघतो, विषम दिसला किंवा बदलला तर परत वाचतो. लिहिणाऱ्याला वाचणाऱ्यांसाठी कधी थांबावं लागत नाही, घड्याळासाठी एकदम फिट. म्हणलं हेच टाकू. बरं झालं टाकायच्या आधी कागदावर काढलं. ओव्हरफ्लोवाला नंबर विषम करून मधेच थांबलाय कारण वरून झीरो-क्रॉसिंगवाला आलाय, आणि तो बसलाय नंबर सम व्हायची वाट बघत. खालचा सुटल्याशिवाय सम होणार नाही, वरचा संपल्याशिवाय खालचा सुटणार नाही. यंत्र ठप्प. लिनक्सलाही हाच प्रश्न होता, कुणालाच अडवता न येणाऱ्या एनएमआय इंटरप्टमधून वेळ वाचायची असेल तर. त्यांनी २०१४ मध्ये ३.१७ आवृत्तीत वेगळा रस्ता दिला, माहितीच्या दोन प्रती ठेवायच्या, एक लिहिली जात असताना वाचणारा दुसरी वाचतो. त्या बदल्यात ती वेळ अपडेटच्या वेळी किंचित मागे जाऊ शकते असं त्यांनी कोडमध्येच लिहून ठेवलंय.

तसं घड्याळाचा एक भाग पुढे गेला आणि दुसऱ्याला सांगायचं राहिलं हा प्रकार मोठमोठ्यांकडे होतो. १ जुलै २०१२ ला पहाटे साडेपाचला आपल्याकडे लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला घातलेला एक जास्तीचा सेकंद) घातला गेला तेव्हा लिनक्सने घड्याळ बरोबर दुरुस्त केलं पण हाय-रेझोल्यूशन टायमरांना कळवलं नाही, ते एक सेकंद पुढेच राहिले, आणि जगभर सर्व्हर १०० टक्के सीपीयू खात बसले. उपाय काय, तर तारीख आहे तीच परत सेट करायची. आमच्या "बंद करून चालू करा"चा मोठा भाऊच म्हणायचा.

शेवटी जे टिकलं

फ्लॅगच नको असं ठरवलं. कॅलेंडरचं पान दिवसातून एकदा फाडण्याऐवजी दोनदा फाडायचं, रात्री बाराला आणि दुपारी बाराला, आणि पानावर छापलेलं असेल "सकाळ" किंवा "संध्याकाळ". समजा घड्याळही चोवीस तासांचं आहे, म्हणजे त्यावरूनही दिवसाचा कुठला अर्धा चालू आहे ते कळतं. काकांनी आधी पान बघायचं, मग घड्याळ. दोघं जुळले तर ठीक. पान म्हणतंय संध्याकाळ आणि घड्याळ म्हणतंय सकाळ, तर पान फाडायचं राहिलंय, मनातल्या मनात एक पुढे धरायचं. ठोके ऐकायची गरज नाही, कोण मधे थांबलाय याची फिकीर नाही.

कोडमध्ये, काउंटर शून्यावर आला की आणि ३२७६८ वर आला की, दोन्ही वेळा आकडा एकाने वाढवायचा. मग आकड्याचा सगळ्यात खालचा बिट आणि काउंटरचा सगळ्यात वरचा बिट एकच गोष्ट सांगतात. जुळले नाहीत तर सॉफ्टवेअर अर्ध्या फेऱ्याने मागे आहे, तेवढं मिळवा. ही काही माझी अक्कल नाही. लिनक्समध्येच ३२ बिटचा काउंटर ६३ बिटपर्यंत लांबवणारा एक छोटा मॅक्रो (कोडचा तयार तुकडा) बरीच वर्षं होता, त्यात हीच युक्ती, आणि अर्ध्या फेऱ्यात निदान एकदा तरी तो वापरला गेलाच पाहिजे ही अट त्यावर लिहिलेली.

क्रम महत्त्वाचा आहे, आधी आकडा मग काउंटर. उलटं केलं तर आकडा पुढे निघून गेलेला असू शकतो आणि तुम्ही त्याला मागे पडलेला समजून अजून एक मिळवाल.

आता पाचवा प्रसंग, हा सुदैवाने साइटवर नाही, टेबलावर सापडला. इंटरप्ट बंद करायची गरज संपली म्हणून ते काढून टाकलं, तर आता साधा थ्रेड आकडा वाचून झोपी जाऊ शकतो, वरचे थ्रेड मेमरी कार्डवर लिहीत बसतात, हा ४० मिलिसेकंदांनी उठून काउंटर वाचतो. काकांनी पान बघितलं, एक डुलकी काढली आणि दुसऱ्या दिवशी घड्याळ बघितलं. तेवढ्यात पान दोनदा फाडलं गेलं, परत "सकाळ"ला "सकाळ" जुळली आणि एक फेरा गायब. म्हणून तिसरं वाचन लागतं:

पान१ = आकडा
मोजणी = काउंटर
पान२ = आकडा
पान१ आणि पान२ वेगळे असतील तर पहिल्यापासून परत

ही परत-परत वाचणारी लूप वरच्या इंटरप्टमध्ये अडकत नाही, कारण "लिहिणं चालू आहे" अशी अवस्थाच इथे नाही, आकडा एका झटक्यात जुन्याचा नवा होतो. फक्त तो ३२ बिटचाच ठेवा. ६४ बिटचा केलात तर ३२ बिटच्या प्रोसेसरवर तो दोन तुकड्यांत लिहिला जातो आणि आपण परत पहिल्या परिच्छेदात.

टेबलावर सापडला कसा, तर दोन गोष्टी केल्या. एक, टायमर ६५५३६ ऐवजी ४०९६ लाच वळवला, म्हणजे फेरे सोळा पट, आणि अर्ध्या फेऱ्याची अट दोन मिलिसेकंदांवर आली, जी मोडायला कार्डाचं लिहिणं भरपूर झालं. दोन, टेस्टच्या बिल्डमध्ये दोन वाचनांमध्ये मुद्दाम रिकामी लूप घातली, फट मोठी करायला. लिनक्सवाले टिकचा आकडा बूटला शून्यापासून सुरूच करत नाहीत, उलटून जायला पाच मिनिटं उरलेली असतील अशा जागेपासून सुरू करतात, म्हणजे ओव्हरफ्लोचा बग ४९ दिवसांनी ग्राहकाकडे नाही तर पाच मिनिटांत तुमच्यासमोर फुटतो. आमचं पण आता तसंच आहे. शिवाय प्रत्येक थ्रेड आपली मागची वेळ लक्षात ठेवतो, नवी वेळ तिच्या मागे गेली की एक आकडा वाढतो, तो सर्व्हिस स्क्रीनवर दिसतो. हा तपास थ्रेडनिहायच ठेवा, सगळ्यांसाठी एकच "मागची वेळ" ठेवलीत तर तिच्यावरच नवीन रेस होते, हे मी करून बघितलंय.

एक अट अजून उरते, अर्ध्या फेऱ्यापेक्षा, म्हणजे ३२.७६८ मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ ओव्हरफ्लोचा इंटरप्ट अडून राहता कामा नये. वाटतं की एवढा कोण अडवणार. तर या जातीच्या चिपवर फ्लॅश मेमरीचा एक तुकडा (पेज) पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ त्याच फ्लॅशमधून चालणारा कोड जागच्या जागी थिजतो, इंटरप्टसकट. आम्ही सेटिंग फ्लॅशमध्येच ठेवतो. ऑपरेटरने सेट पॉइंट (हवं ते तापमान) बदलला की पुसणं आलंच. म्हणून टायमर २५० किलोहर्ट्झवर आणला, फेरा २६२ मिलिसेकंदांचा, अर्धा १३१ चा. एका मायक्रोसेकंदाची बारकाई जाऊन चारची झाली, द्राक्षांना काही फरक पडत नाही. दोन टायमर हार्डवेअरमध्येच जोडून ३२ बिटचा करता आला असता पण मोकळा टायमर शिल्लक नव्हता, आणि तसं केलं तरी वरचा, खालचा, परत वरचा असं वाचावं लागतंच.

पिंपळगावच्या ऑपरेटरला सांगून ठेवलंय की सर्व्हिस स्क्रीनवरच्या शेवटच्या ओळीचा फोटो दर आठवड्याला व्हॉट्सॅपवर टाकत जा. टाकतो बिचारा. आतापर्यंत शून्यच आहे. परवा विचारत होता की दादा, ही ओळ कायम शून्यच असते तर ठेवलीय कशाला.